ठसा कोणाच्या स्वाधीन

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांची दुकाने जिथे संपतात आणि झेरॉक्सची सुरू होतात, तिथून आत वळणाऱ्या एका बोळात विद्यार्थी भोजन मंडळाची भोजनशाळा आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी गावोगावहून आलेली मुले-मुली तिथे दोन्ही वेळा जेवतात. रीत अशी, की आधी पैसे भरून पितळेचे बिल्ले घ्यायचे, जेवणाच्या वेळी एक बिल्ला खिडकीत द्यायचा आणि ताट उचलायचे. खिडकीत आलेले बिल्ले पुन्हा विक्रीच्या पेटीत जात. शहाणी मुले महिन्याच्या आरंभीच महिन्याभराचे बिल्ले घेऊन ठेवीत. घरून आलेले पैसे महिनाअखेरीपर्यंत टिकत नाहीत. बिल्ले टिकतात, कारण त्यांचे दुसरे काहीच घेता येत नाही.

निदान सुरुवातीला घेता येत नव्हते. पुढे मुलांनी त्यातूनही वाट काढली. मोबाइलमधले पैसे संपले, की समोरच्या मोतीरामच्या टपरीवर बिल्ला ठेवायचा आणि दोन-तीन वेळा चहा प्यायचा. मोतीराम त्याच बिल्ल्यावर दुपारी जेवून येई. झेरॉक्सवाल्यालाही बिल्ला चाले. बिल्ला म्हणजे एक भरलेले ताट, हे बोळातल्या सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्या ताटाने आजवर कोणाला फसवले नव्हते.

बिल्ल्यावर आकडा नव्हता, चित्र नव्हते. एकच शब्द होता: तृप्तिरस्तु, म्हणजे तृप्ती लाभो. तो मंडळाचे अध्यक्ष केशवशास्त्री यांनी निवडला होता. शास्त्रीबुवांनी हयातभर शाळेत संस्कृत शिकवले, आणि निवृत्तीनंतरही शब्दांची संगत सोडली नाही. मंडळाची नियमावली त्यांनीच लिहिली होती. तिच्यातले बिल्ल्यांविषयीचे कलम त्यांना विशेष प्रिय होते: ‘बिल्ले पाडण्याचा अधिकार सभेचा राहील. ठसा अध्यक्षांच्या स्वाधीन राहील.’ दोन लहान वाक्ये. एकही शब्द फाजील नाही.

जुने बिल्ले झिजले, तेव्हा सभेने नवे पाडायला संमती दिली. गुलमंडीमागच्या कचरू तांबटाने पोलादी ठसा कोरून दिला, पितळेच्या चकत्या कापून दिल्या. ठसे उमटवण्याचे काम शास्त्रीबुवांनी हौसेने स्वतःकडे घेतले. दुपारची झोप सोडून ते गच्चीवरच्या खोलीत बसत. लोखंडी ठोकळ्यावर चकती ठेवीत, तिच्यावर ठसा धरीत आणि हातोडीचा एकच घाव घालीत. घाव नेमका बसला, की मुकी चकती बोलू लागे. तो क्षण त्यांना पूजेतल्या प्राणप्रतिष्ठेसारखा वाटे.

मंजूर झालेले बिल्ले पाडून झाले. चकत्या मात्र उरल्या होत्या.

एके दिवशी एक विद्यार्थी पाया पडला. त्याचा चेहरा उतरला होता. दोन दिवस त्याने चहा-बिस्किटांवर काढले आहेत, असे कळले. शास्त्रीबुवांनी वर जाऊन एक चकती ठोकली आणि त्याच्या हातावर ठेवली. मुलाचे डोळे भरून आले. शास्त्रीबुवांचेही. पुढे पाठांतर स्पर्धेत चुणूक दाखवणाऱ्या मुलीला बिल्ला मिळाला. जिन्यावरून हात धरून उतरवणाऱ्या रिक्षावाल्याला मिळाला. लग्नाच्या आहेराच्या पाकिटात नोटेसोबत बिल्ला जाऊ लागला. कचरूकडून आणखी चकत्या आल्या, मग आणखी. शास्त्रीबुवांच्या कुडत्याचा उजवा खिसा आता नेहमी खुळखुळत असे. कोणी वाकले, की हात आपोआप खिशात जाई.

सभेला विचारायला हवे, हे एकदा त्यांच्या मनात येऊन गेले. पण त्यांनी स्वतःचेच कलम आठवले आणि त्याचा विग्रह केला. स्व म्हणजे आपला, अधीन म्हणजे हाताखालचा. स्वाधीन म्हणजे आपल्या इच्छेच्या हाताखालचा. ठसा अध्यक्षांच्या स्वाधीन आहे. व्याकरणाने कौल दिल्यावर मन निवांत झाले.

यमुनाबाई, त्यांच्या पत्नी, जिन्याखालून विचारीत, “अहो, आज पुन्हा टांकसाळ का?”

“दोनचारच पाडतो आहे.”

“मामंजी सांगायचे, निजामाचा हाली शिक्क्याचा रुपया हैदराबादेत पडायचा म्हणून. तेव्हा तो आवाज निदान लांब तरी होता. आता आमच्या डोक्यावरच ठकठक.”

“निजाम स्वतःच्या नावाने पाडी. माझं नाव कुठं आहे त्यावर? मी भुकेल्यांसाठी पाडतो.”

“भुकेल्यांसाठी पाडता खरं,” यमुनाबाई म्हणाल्या, “पण नमस्कार कोण घेतं?”

शास्त्रीबुवा हसले. बायकोचा टोमणा त्यांनी त्या काळी कौतुकात जमा केला.

दिवाळीनंतर भोजनशाळेतले वरण पातळ झाले. आधी मुले आपसांत कुजबुजली, मग त्यांच्यातल्या सत्यम नावाच्या वात्रटाने वरणाच्या वाटीत मोबाइलचा दिवा धरून सगळ्यांना तळ दाखवला. मंडळाचे चिटणीस मंदार वकील शास्त्रीबुवांच्या मित्राचे चिरंजीव. मंदार शास्त्रीबुवांना काका म्हणत. ते म्हणाले, “काका, शिधा पूर्वीपेक्षा लवकर संपतो आहे, आणि पेटीत पैसे मात्र तेवढेच. शिधा कुठंतरी मुरतो आहे.”

स्वयंपाक चतुराबाईंकडे होता. त्या रोज पहाटे फुलंब्रीहून पहिल्या बसने येत आणि संध्याकाळचे उरकून परत जात. त्यांचा मुलगा रामकिसन वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होता. एका दुपारी, ताटे हातात घेऊन मुले रांगेत उभी असताना, शास्त्रीबुवा स्वयंपाकघरात शिरले. कोपऱ्यात चतुराबाईंची कापडी पिशवी फुगलेली दिसत होती.

“चतुराबाई, पिशवीत काय आहे?”

चतुराबाईंनी पळी खाली ठेवली, पिशवी उचलली आणि सगळ्यांसमोर उलटी केली. ताटांत उरलेल्या पोळ्यांचे तुकडे होते.

“शेळीला नेते, गुरुजी. टाकून देण्यापरीस.”

इथेच थांबायला हवे होते. पण रांगेतली मुले पाहत होती, आणि आरोप करून तो मागे घेण्याची शास्त्रीबुवांना सवय नव्हती.

“आज तुकडे निघाले,” ते म्हणाले. “रोज काय जातं, कोण जाणे.”



“चोर म्हनता व्हय मला?” चतुराबाई म्हणाल्या. “डाळ मीच पातळ केली, गुरुजी. खानारी तोंडं वाढली, डाळ वाढली नाय. पानी घालू नको तर काय करू?”

“पैसे भरणारे तेवढेच आहेत. तोंडं कुठून वाढतील?”

 चतुराबाईंनी तुकडे पुन्हा पिशवीत भरले, एकेक करून, अगदी निगुतीने. पळी धुऊन खिळ्याला अडकवली. मग त्या रांगेतल्या मुलांमधून वाट काढीत बाहेर गेल्या, त्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

शास्त्रीबुवा दर रविवारी भोजनशाळेच्या वरच्या दालनात मुलांना राज्यघटना समजावून सांगत. त्या रविवारी लासूर स्टेशनची मोनिका हात वर करून उभी राहिली. ती बारीकशी, सावळी आणि प्रश्न अर्धवट न सोडणारी मुलगी होती.

“सर, सराव परीक्षेत प्रश्न होता. पैसा निर्माण करण्याचा अधिकार शासनाच्या कोणत्या अंगाकडं आहे? विधिमंडळ, कार्यकारी मंडळ की न्यायमंडळ? आमच्यात लई भांडण झालं. कोन म्हनतं रिझर्व्ह बँक, कोन म्हनतं अर्थ खातं.”

शास्त्रीबुवांना असे प्रश्न आवडत. त्यांनी उपरणे सावरले. “आपण मुळापासून जाऊ. चलन, नाणी आणि वैध चलन हे विषय घटनेने कोणाच्या सूचीत घातले? संघाच्या. म्हणजे कायदा करायचा तो संसदेने. त्या कायद्याने सांगितलं, नोटा रिझर्व्ह बँकेने काढाव्यात. नाणी आणि एक रुपयाची नोट केंद्र सरकारने काढावी. म्हणून बघा, इतर नोटांवर गव्हर्नर धारकाला वचन देतो. एक रुपयाच्या नोटेवर वचन नसतं, वित्त सचिवाची सही असते. पण बँक काय किंवा सरकार काय, दोघंही संसदेच्या शब्दावर चालणारे. मूळ अधिकार लोकांनी निवडलेल्या सभेचा. माझे वडील निजामाच्या राज्यात वाढले. तिथं नाणं एका माणसाच्या मर्जीने पडे. आता तसं नाही. इतकाच काय तो फरक, पण तो फार मोठा आहे.”

मोनिका बसली नाही. “पन सर, टांकसाळी तर सरकारच्याच. ठसा सरकारच्या हातात. ज्याच्या हातात ठसा, त्यानं कितीबी पाडली नाणी तर त्याला अडवनार कोन? मग अधिकार त्याचाच झाला की.”

“नाही, बाळ. हातात असणं वेगळं आणि अधिकार असणं वेगळं. टांकसाळ सरकारच्या स्वाधीन केलेली आहे. स्वाधीन म्हणजे काय? सांभाळायला दिलेली. दिली कोणी, तर सभेने. सभेला न विचारता...”

“म्हंजे सर,” मागून सत्यम म्हणाला, “किल्ली वॉचमनच्या स्वाधीन केली म्हनून बंगला वॉचमनचा व्हत नाय.”

सगळे हसले. मोनिकाही हसली. शास्त्रीबुवांचे वाक्य मात्र अर्ध्यावरच राहिले.

स्वाधीन. तो शब्द आता त्यांच्याच तोंडून, सरळ मराठीत, बाजारात आणि पोलीस ठाण्यात ज्या अर्थाने चालतो त्या अर्थाने बाहेर पडला होता. चावी स्वाधीन केली, मूल शेजारणीच्या स्वाधीन केले, मुद्देमाल स्वाधीन केला. चार वर्षांच्या पोरालाही कळणारा अर्थ. नियमावली मराठीत होती. मराठीतच वाचायची होती. त्यांनी स्वतःपुरती ती संस्कृतात वाचली, कारण संस्कृतात ती सोयीची होती. देवभाषेला त्यांनी खिसा भरण्याच्या कामाला लावले होते.

आणि मग त्या शब्दामागून चतुराबाई आल्या. खानारी तोंडं वाढली, डाळ वाढली नाय. तोंडे कुठून वाढतील, असे त्यांनी विचारले होते. उत्तर त्यांच्याच उजव्या खिशात खुळखुळत होते.

“सर, तब्येत बरी नाही का?” मोनिकाने विचारले.

“बरी आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “आज इथंच थांबू.”

त्या दिवशी ते बोलू शकले असते. सोमवारीही बोलू शकले असते. प्रत्येक सकाळी ते मंदारांना फोन लावण्यासाठी मोबाइल हातात घेत आणि हवामान पाहून ठेवून देत. आपण शिधा परस्पर भरून देऊ, चतुराबाईंना कोणाकरवी निरोप धाडू, गाजावाजा न करता सगळे मिटेल, असे ते स्वतःला सांगत. गच्चीवरच्या खोलीला त्यांनी कुलूप घातले. ठकठक थांबली. यमुनाबाईंनी कारण विचारले नाही, आणि त्यांचे न विचारणे शास्त्रीबुवांना दिवसभर ऐकू येत राहिले.

चतुराबाईंच्या जागी आणलेल्या आचाऱ्याला अंदाज नव्हता. एका दुपारी रांग अर्धी असतानाच भात संपला. भोजनशाळा बंद पडणार, ही बातमी बोळात पसरायला तेवढे पुरे झाले. दुसऱ्या दिवशी ज्याच्याकडे बिल्ला होता तो प्रत्येक जण जेवायला आला. झेरॉक्सवाला भावाला घेऊन आला, रिक्षावाले आले, पाठांतर स्पर्धेतल्या मुलीचे आईवडील आले. रांग मोतीरामच्या टपरीपर्यंत गेली, आणि मोतीराम स्वतः बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन खिडकीशी आला. डबा बिल्ल्यांनी भरलेला होता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “चहाच्या बदल्यात घेतले ह्ये. तुमच्या भरवशावर घेतले. आता ह्ये खायचे का उकडून?”

मोनिका त्याच्या मागे उभी होती. तिच्या ओंजळीत तिचे महिन्याचे बिल्ले होते. “सर, म्या पैसे आधीच भरलेत. दुसरे नाहीत माझ्याकडं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती भीती होती, आणि तिचा रोख शास्त्रीबुवांवर नव्हता, हेच त्यांना सोसवेना.

पातेली रिकामी होती. मंदारांनी कसेबसे सगळ्यांना उद्यावर घातले आणि खिडकीचे दार लावून घेतले. टेबलावर बिल्ल्यांचा ढीग पडला होता. त्यांनी दोन बिल्ले उचलून उजेडात धरले.

“काका, सभेने मंजूर केले होते त्याच्या दुपटीने बिल्ले बाहेर आहेत. कोणीतरी बनावट पाडतो आहे. आणि काम बघा, हुबेहूब. खरा कोणता आणि खोटा कोणता, मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं?”

शास्त्रीबुवांनी पाहिले. प्रत्येकावर तेच अक्षर, तोच रकाराचा किंचित तिरपा फटकारा. पैसे भरून घेतलेला बिल्ला आणि आशीर्वादादाखल दिलेला बिल्ला यांत त्यांनाही भेद करता येईना. खोटा असा एकही नव्हता, आणि तरी सगळे मिळून खोटे झाले होते.

“नाही,” ते म्हणाले. एवढे एकच खरे त्यांनी त्या दिवशी उच्चारले.

मंदार हळू आवाजात म्हणाले, “चतुराबाईंचा मुलगा प्रेसवर आहे ना? आई आत, मुलगा मशीनवर. जुळतं. उद्या सभा बोलावतो. ठराव करू आणि पोलिसांत तक्रार देऊ. अध्यक्ष म्हणून सही तुमची लागेल.”

“बघू,” शास्त्रीबुवा म्हणाले.

‘नाही’ म्हणायचे होते. तोंडातून ‘बघू’ आले.

घरी आल्यावर त्यांनी यमुनाबाईंना सगळे सांगितले. रामकिसनवर आलेला संशयही सांगितला. यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“मग काय करणार?”

“उद्या सही करू नये, असं वाटतं. काही कारण काढून पुढं ढकलावी.”

“आणि लोक रामकिसनकडं बघत राहतील, ते?”

शास्त्रीबुवांनी कुडता खुंटीला अडकवला. खिसा खुळखुळला.

“मी सभेची सभासद आहे,” यमुनाबाई म्हणाल्या. “उद्या मीही येते. बोलणार काही नाही. नुसती बसते.”

सभा वरच्या दालनात भरली. वर्षभर सतरंजीच्या कडेला विसावणारी मंडळी त्या दिवशी पुढे सरकून बसली होती. मंदारांनी घडले ते नीट मांडले आणि तक्रारीचा ठराव वाचला. संशयिताच्या नावाआधी त्यांनी घसा साफ केला. “फुलंब्रीचा रामकिसन,” ते म्हणाले, आणि लोकांत एक समाधानाची हालचाल झाली. उत्तर सापडले, की होते तशी. शास्त्रीबुवांनी बायकांच्या बाजूला पाहिले. यमुनाबाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी मान खाली घातली होती. चारचौघांत नवऱ्यापायी मान खाली घालण्याची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

शास्त्रीबुवा उठले. उपरण्याची गाठ सोडून त्यांनी ठसा काढला आणि टेबलावर ठेवला.

“बिल्ले मी पाडले,” ते म्हणाले.

कोणाला नीट ऐकू आले नाही. मागून कोणी “काय म्हणाले?” असे विचारले.

“जास्तीचे सगळे बिल्ले मी पाडले. माझ्या घरी, माझ्या हाताने. रामकिसनने नाही. चतुराबाईंनी डाळीचा दाणा नेला नाही. तुम्ही ठसा माझ्या स्वाधीन केलात, म्हणजे राखायला दिलात. मी तो माझ्या मालकीचा मानला. मी वाटलेल्या प्रत्येक बिल्ल्यामागे कोणीतरी पैसे भरलेल्या मुलाच्या वाटीत पाणी पडलं. दान मी केलं, आणि दिलं त्यांनी. ते पाणी ज्या बाईने नाइलाजाने घातलं, तिला मी पोरांसमोर चोर म्हणालो.”

 मग एक वृद्ध सभासद, सुदर्शनराव, कळवळून म्हणाले, “अहो शास्त्रीबुवा, तुम्ही काही खाल्लंत का त्यातलं? भुकेल्यालाच दिलंत ना? हा काय गुन्हा झाला!” दोघातिघांनी माना डोलावल्या. “मंदार, तो ठराव फाडून टाका आणि चहा सांगा.”

ही क्षमा शास्त्रीबुवांना चतुराबाईंच्या प्रश्नापेक्षा जड गेली. आरोप रामकिसनवर होता तेव्हा पोलीस हवे होते. आरोप अध्यक्षावर आला तेव्हा चहा. कालपर्यंत आपणही नेमके याच मापाने मोजत होतो, हे त्यांना कळत होते.

“चहा नको,” ते म्हणाले. “तुमच्या अधिकाराचा ठराव हवा. बिल्ले सगळे सारखे आहेत. कोणताही नाकारू नका, नाहीतर मोनिकासारखी मुलं बुडतील. जास्तीच्या ताटांचा शिधा माझ्या पेन्शनीतून भरून निघेपर्यंत घ्या. परत आलेले बिल्ले मंजुरीच्या आकड्यावर येईपर्यंत वितळवा. ठसा पेटीत ठेवा आणि किल्ली एकाकडे देऊ नका. आणि माझा राजीनामा घ्या.”

मंदारांनी ठराव लिहून घेतला. राजीनामा मतास टाकला, तेव्हा हात हळूहळू, अवघडून, पण वर गेले. यमुनाबाईंचाही गेला. कोणीतरी आग्रह करील, नाही म्हणेल, अशी आशा आपल्या मनाच्या तळाशी अजून शिल्लक होती, हे शास्त्रीबुवांना त्या क्षणी उमगले, आणि राजीनाम्याहून त्या आशेचीच त्यांना अधिक लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते फुलंब्रीला निघाले. यमुनाबाईंना सोबत चला म्हणाले, तर त्या म्हणाल्या, “रागवायला जाताना मला कुठं नेलं होतंत?”

चतुराबाईंचे घर बसस्थानकापासून जवळच होते. रामकिसन रात्रपाळी करून आला होता आणि दारातच उभा होता. त्याच्या कानावर संशयाची गोष्ट आली होती. त्याने ‘या’ म्हटले नाही. बाजूला मात्र झाला. आत चतुराबाईंनी बाजेवर चादर अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसल्या. शास्त्रीबुवा बाजेवरून उठून खाली बसले.

“चतुराबाई, मी चुकलो. तुम्ही खरं बोललात आणि मी ते ऐकलं नाही. मला क्षमा करा.”

चतुराबाईंनी तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

“गुरुजी, चोर म्हनलात ते कुठं म्हनलात?”

“भोजनशाळेत.”

“कुनासमोर?”

“मुलांसमोर.”

“आन माफी हितं मागता? माझ्या घरात, दार लोटून?” त्यांचा आवाज चढला नाही. “हितं मला कोन चोर म्हनतंय, गुरुजी? हितं माझी अब्रू हायच. जिथं गेली तिथं आनून द्या.”

सभेत बोललो, असे शास्त्रीबुवा सांगणार होते. पण सभेत मोठी माणसे होती. ताट घेऊन उभी असलेली मुले नव्हती. सभेत बोलणे अवघड होते, म्हणून तेवढ्याने भागले असे त्यांनी मानले होते.

“उद्या दुपारी,” ते म्हणाले, “ताटं वाढण्याआधी. तुम्ही याल?”

“बघते.”

कालपरवाचा स्वतःचा ‘बघू’ त्यांना आठवला. तो शब्द ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय येते, ते त्यांना आता कळले.

निघताना रामकिसनची धाकटी मुलगी आजीच्या खुणेवरून पाया पडली. शास्त्रीबुवांचा हात सवयीने खिशात गेला आणि एका गारगार चकतीला लागला. सगळे बिल्ले सभेत दिले होते. हा एक अस्तराच्या फटीत राहून गेला होता. रामकिसन खिशाकडे पाहत होता. शास्त्रीबुवांनी हात रिकामा बाहेर काढला, मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच उचलला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी चतुराबाई आलेल्या होत्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात, पदर खोचून, हातात पळी घेऊन उभ्या होत्या. रांग भिंतीपर्यंत लागली होती. शास्त्रीबुवा खिडकीजवळ उभे राहिले. भाषणे त्यांनी जन्मभर केली होती; हे त्यांना चार-पाच वाक्यांपलीकडे नेता आले नाही.

“मुलांनो, याच जागी मी चतुराबाईंना चोर म्हणालो होतो. त्यांनी काहीही नेलं नव्हतं. वरण पातळ झालं ते माझ्यामुळे. न विचारता बिल्ले मी पाडले. चतुराबाई, मी या सगळ्यांसमोर तुमची क्षमा मागतो.”

त्यांनी हात जोडले. मुले गोंधळून एकमेकांकडे पाहू लागली. सत्यमने विनोद केला नाही. मोनिकाने मान खाली घातली. तिला रविवारचे ते अर्धे राहिलेले वाक्य आठवले असावे. चतुराबाईंनी जोडलेल्या हातांकडे पाहिले, मग रांगेकडे.

“वरन निवतंय,” त्या म्हणाल्या. “या, पुढं सरका.”

क्षमा केली, असे त्या म्हणाल्या नाहीत. शास्त्रीबुवांनीही विचारले नाही. ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मोनिकाने “सर, तुम्ही आधी” म्हणून जागा दिली, ती त्यांनी घेतली नाही. रांग सरकत सरकत ते खिडकीपाशी आले, तेव्हा चतुराबाईंनी इतरांपुढे केला तसाच हात पुढे केला.

“बिल्ला?”

खिशात तो एक होता. त्याच ठशाचा, त्याच अक्षराचा. दिला असता तर कोणालाही कळले नसते. शास्त्रीबुवांनी तो बाहेर काढला, पैसे घेणाऱ्या मंदारांच्या टेबलापाशी गेले आणि त्यांच्यापुढे ठेवला.

“हा वितळवायच्या डब्यात टाका,” ते म्हणाले. “आणि मला एका जेवणाचा बिल्ला द्या.”

त्यांनी पैसे मोजून दिले, बिल्ला घेतला आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.